सी ड्राइव्ह वाढवायचा: डिस्क मॅनेजमेंट की जीपार्टेड?

गावातल्या सेतू केंद्राच्या संगणकावर सी ड्राइव्ह भरत आल्याने लाल झालेला, डी अर्धा रिकामा. विंडोजमधलंच डिस्क मॅनेजमेंट हे साधन डी आकसवतं, पण सुटलेली जागा डीच्या उजवीकडे पडते. सीला ती लागून नाही, म्हणून सी वाढवायचं ‘एक्स्टेंड व्हॉल्यूम’ हे बटण करडंच राहतं, दाबता येत नाही. पार्टिशन (सी, डीसारखा डिस्कचा भाग) सरकवणं डिस्क मॅनेजमेंटला जमत नाही.

पेन ड्राइव्हवरून चालणारं जीपार्टेड हे पार्टिशन बदलायचं सॉफ्टवेअर डीची सुरुवात उजवीकडे सरकवतं, म्हणजे मोकळी जागा सीला लागून येते. त्यात डीचा डेटा नव्या जागी लिहिला जातो, तासन् तास लागतात. मधेच लोडशेडिंग झालं की डी गेलाच समजा. छोटा यूपीएस तेवढा वेळ टिकत नाही. विंडोजचं फास्ट स्टार्टअप (लवकर सुरू होण्याची सोय) आणि बिटलॉकर (डिस्कचं कुलूप) आधीच बंद करा.

बाहेरची हार्ड डिस्क असेल तर सरकवूच नका. डीचा डेटा तिच्यावर घ्या, चार फाइली उघडून बघा, मग डी डिलीट करून सी वाढवा. सी आणि डीच्या मधे रिकव्हरी पार्टिशन (विंडोज दुरुस्तीसाठी राखलेला भाग) असेल तर मात्र जीपार्टेडसारखं साधन लागेल.