काइसेनदोन: आधी भात बघा, मग मासळी

टोकियोतल्या साध्या दुकानांत, म्हणजे एक काउंटर आणि मोजकी टेबलं असलेल्या ठिकाणी, काही महिने नियमित काइसेनदोन खाल्ल्यानंतरचं हे मत. वाडग्यात भात आणि त्यावर कच्च्या मासळीचे काप, एवढाच हा पदार्थ. मासळी बहुतेक ठिकाणी चांगलीच असते. वाडगा बिघडतो तो भातामुळे. आणि फोटोत जितके जास्त प्रकार दिसतात, तितका समोर आल्यावर हिरमोड मोठा.

भात दोन तऱ्हेचा मिळतो: व्हिनेगर, साखर, मीठ घातलेला सुमेशी किंवा साधा पांढरा. होक्काइदोत बऱ्याच ठिकाणी साधा भात देतात, टोकियोत दोन्ही चालतात, आणि काही दुकानं कुठला हवा ते विचारतात. इकुरा (सामनची अंडी), उनी (समुद्री अर्चिनचा खाण्याजोगा गर) किंवा सोया सॉसमध्ये मुरवलेली मासळी असेल तर साधा भात घ्यावा, कारण वरचा ऐवज आधीच खारट असतो. ट्यूना, सामन असे तेलकट मासे असतील तर सुमेशी. त्याच्या आंबटपणाने तेलकटपणा कापला जातो.

खरी गोम तापमानात आहे. भात अंगाइतका कोमट आणि मासळी थंड, हे जमलं तर साधा वाडगाही उत्तम लागतो. भात वाफाळता असेल तर ट्यूनाचा खालचा भाग तपकिरी पडतो, इकुराचे दाणे पांढुरके होतात आणि सामनची चरबी सुटून भात चिकट होतो. उलट भात थंडगार असेल तर दाणा टणक होतो, मग वर कितीही महागडा मासा ठेवा, उपयोग नाही. जेवणाच्या गर्दीत कुकरमधून थेट वाडग्यात भात पडतो आणि दुपारी दोनच्या सुमारास तळाचा सुकलेला भात मिळतो. दुकान उघडल्या उघडल्या, ऑफिसची गर्दी लोटण्याआधी गेलेलं बरं. नेहमीच्या वाडग्यात साधारण 200 ते 250 ग्रॅम भात असतो. तो जास्त वाटत असेल तर ऑर्डर देतानाच ‘गोहान सुकुनामे’ म्हणावं. भात उरवण्यापेक्षा हे केव्हाही चांगलं, आणि मासळीचं प्रमाणही आपोआप सुधारतं.

आता मासळी. ‘दहा प्रकारांचा वाडगा’ अशी पाटी दिसली की आम्ही तीन प्रकारांचा घेतो. दहातले चार भरतीचे असतात: अंड्याचा गोडसर चौकोन, खेकड्याच्या चवीची कांडी, काकडी आणि माशाची रंगीत बारीक अंडी. ही अंडी तोबिको (उडत्या माशाची अंडी) म्हणून दिलेली असली तरी स्वस्त ठिकाणी बऱ्याचदा मासागो (कॅपेलिन माशाची अंडी) असते. दाणा बारीक आणि कुरकुरीतपणा कमी. इकुराच्या नावाखाली ट्राउटची अंडीही येतात. तीही बारीक असतात, चवीला वाईट नाहीत, पण किंमत त्याप्रमाणे हवी. नेगितोरो, म्हणजे ट्यूनाचा खिमा, फार गुळगुळीत आणि फिकट गुलाबी दिसला तर त्यात वरून तेल मिसळलेलं असण्याची शक्यता मोठी.

ट्यूना म्हणजे एकच मासा नव्हे. होनमागुरो (ब्लूफिन) सर्वांत महाग, मग मेबाची (बिगआय). किहादा (यलोफिन) आणि बिन्नागा (अल्बाकोर) स्वस्त. दुपारच्या हजार येनांच्या आसपासच्या वाडग्यात होनमागुरो अपेक्षित धरू नये. बिन्नागाचा फिकट, तेलकट भाग ‘बिनतोरो’ म्हणून मिळतो आणि त्या किमतीत तो चोख आहे. ट्यूना गोठवलेला असतो म्हणून नाक मुरडणाऱ्यांसाठी: खोल समुद्रातला ट्यूना उणे 60 अंशांच्या आसपास साठवतात आणि नीट वितळवला तर फरक ओळखणं अवघड. घाईने वितळवलेला लगेच कळतो. वाडग्याच्या कडेला लालसर पाणी साचतं, काप मऊ पडतो आणि भाताला लोखंडासारखी चव येते.

‘ताजी’ या शब्दाला फार भुलू नये. स्क्विड, आजी (हॉर्स मॅकरेल मासा), सार्डिन, उनी यांना ताजेपणा हवाच. पण हिरामे (चपटा फ्लाउंडर) किंवा ताई (सी ब्रीम) यांसारखी पांढरी मासळी एखादा दिवस थंडीत मुरली की तिची चव वाढते. बाजाराच्या सुट्ट्या मात्र लक्षात ठेवाव्यात. टोकियोतल्या त्सुकिजीचा घाऊक मासळीबाजार ऑक्टोबर 2018 मध्ये तोयोसूला हलला; त्सुकिजीत आता बाहेरचा किरकोळ बाजार उरला आहे. तोयोसूचा बाजार रविवारी आणि काही बुधवारी बंद असतो, त्यामुळे त्या दिवशी स्क्विड किंवा आजी मागवताना जरा विचार करावा.

उनीवर वेगळं लिहायला हवं, कारण सर्वांत जास्त पैसे इथेच वाया जातात. लाकडी पेटीतल्या उनीचा आकार टिकावा म्हणून तिला तुरटीच्या पाण्यातून काढतात. तुरटी जास्त झाली की जिभेवर औषधी कडवटपणा राहतो आणि ‘मला उनी आवडत नाही’ असं लोक कायमचं ठरवून टाकतात. मिठाच्या पाण्यात ठेवलेली एनसुई उनी मागून बघावी; महाग असते, पण कडवटपणा नसतो. होक्काइदोच्या शाकोतानमध्ये उनीचा हंगाम उन्हाळ्यात असतो. ताजी मुरवलेली इकुरा शरद ऋतूत मिळते. टोकियोजवळच्या एनोशिमाच्या बाजूची कच्ची शिरासू (माशांची बारीक पांढरी पिल्लं) जानेवारीपासून मार्चच्या सुरुवातीपर्यंत मिळत नाही, कारण तेव्हा मासेमारी बंद असते. एरवीही बोट गेली नाही तर त्या दिवशी फक्त उकडलेली शिरासू. कच्चं नको असणाऱ्यांनी तीच मुद्दाम मागावी, चांगली असते.

खाण्याची पद्धत साधी आहे, पण चुकते. सोया सॉस वाडग्यावर ओतू नये. तो थेट तळाशी जातो आणि शेवटचे घास खारट लागतात. छोट्या बशीत सोया घ्यावा, वासाबी कापावर ठेवावा आणि काप बुडवून भातावर परत आणावा. वासाबी बशीत कालवून तो सोया थोडा थोडा वर सोडणारे जपानीही भरपूर आहेत, त्यात कुणी नावं ठेवत नाही. इकुरा आणि मुरवलेल्या कापांना सोया लावूच नये. सुरुवात पांढऱ्या मासळीने आणि स्क्विडने, मग ट्यूना, सामन, शेवटी इकुरा आणि उनी. उलट केलं तर पांढऱ्या माशाची चव कळतच नाही. वरणभातासारखं सगळं कालवायचं नाही. बारीक तुकड्यांचा बाराचिराशी तेवढा अपवाद. चॉपस्टिक जमत नसतील तर चमचा बिनदिक्कत मागावा.

टोकियोतल्या निहोनबाशीच्या त्सुजिहान या दुकानात थोडा भात उरवून वाडगा परत दिला की त्यावर ताईचा गरम रस्सा घालून देतात. तिळाच्या सॉसमधले ताईचे काप आधीच येतात. त्यातले दोन त्यासाठी राखून ठेवावेत. रांग लांब असते, तरी तिथला साधा ‘उमे’ वाडगा पुरेसा आहे. वरच्या श्रेणीत खेकडा आणि इकुरा वाढतात, मजा त्या मानाने वाढत नाही.

आता काळजीचं. आनिसाकिस हा जंत साबा (बांगड्याच्या जातीचा मासा), आजी, स्क्विड यांत सापडतो; व्हिनेगर, सोया किंवा वासाबीने तो मरत नाही. उणे 20 अंशांवर 24 तास गोठवणं किंवा शिजवणं हाच उपाय. कच्चा मिळणारा सामन साधारणतः पाळलेला असतो, रानटी सामन न गोठवता कच्चा खात नाहीत. म्हणूनच मुंबई-रत्नागिरीच्या बाजारातला बांगडा किंवा सुरमई घरी आणून हा प्रयोग करू नये. ती मासळी शिजवण्यासाठी हाताळलेली असते. गरोदर बायकांसाठी जपानच्या आरोग्य मंत्रालयाची पाऱ्याबाबत सूचना आहे: होनमागुरो किंवा मेबाची आठवड्यातून एकदा, साधारण 80 ग्रॅमपर्यंत. किहादा आणि बिन्नागाला ती मर्यादा नाही. ती पाऱ्यापुरती, कच्चं खावं की नाही ते डॉक्टरांना विचारावं.

घरी न्यायचा असेल तर कर 10 ऐवजी 8 टक्के लागतो, पण भाताच्या उबेने मासळी तापते. मासळी वेगळ्या डब्यात मागावी, बर्फाची पिशवी घ्यावी आणि अर्ध्या तासात खाऊन टाकावं. उन्हाळ्यात आम्ही पार्सल घेतच नाही.