सेइशुन १८ तिकीट: बंद पडत चाललेल्या आडवळणी स्थानकांसाठी कितपत कामाचं?

'सेइशुन १८' हे जपानमधलं रेल्वेचं तिकीट. 'सेइशुन' म्हणजे तारुण्य, पण या तिकिटाला वयाची अट नाही आणि लहान मुलांना सवलतही नाही. वसंत, उन्हाळा आणि हिवाळा अशा तीन हंगामांत मिळतं. जेआर म्हणजे जपान रेल्वेच्या साध्या, एक्स्प्रेस नसलेल्या गाड्यांत देशभर कितीही वेळा चढा-उतरा. आडरानातली स्थानकं बंद व्हायच्या आत बघून घेणाऱ्यांचा हा जुना आधार. २०२४च्या हिवाळ्यात नियम बदलले आणि फटका नेमका याच मंडळींना बसला.

आधी १२,०५० येनमध्ये पाच दिवस मिळत, हंगामात हवे तेव्हा वापरा किंवा मित्रांत वाटून घ्या. आता किंमत तीच, पण दिवस सलग आणि माणूस एकच. तीन दिवसांचं १०,००० येनला. दिवसाला २,४१० कुठे आणि ३,३३३ कुठे, त्यामुळे तीन दिवसांचं घेण्यात फारसा अर्थ नाही. सुरुवातीची तारीख तिकीट काढतानाच ठरवावी लागते. पुढे बर्फामुळे गाडी रद्द झाली की तो दिवस बुडाला, आणि उत्तरेकडच्या होक्काइदो बेटावर मार्चमध्ये बर्फाचं कुणाला नवल नाही. बदल्यात तिकीट आता स्थानकावरच्या स्वयंचलित तिकीट-फाटकातून चालतं. ज्या स्थानकांसाठी ते काढायचं, तिथे फाटक नसतंच, ही गोष्ट वेगळी.

स्थानकं बहुधा मार्चच्या मध्यावर, नवं वेळापत्रक लागू होताना बंद होतात. इथे तारखेचा घोळ होतो. होक्काइदोतली बाक्काई, ओनोप्पुनाई, मिनामी-होरोनोबे, हिगाशी-ताकिकावा आणि देशातलं सर्वांत पूर्वेचं हिगाशी-नेमुरो ही पाचही '१५ मार्च २०२५ला बंद' झाली, म्हणजे शेवटची गाडी १४ तारखेची, शुक्रवारची. शेवटच्या दिवशी गर्दी उसळते. फलाट नीट बघायचा असेल तर आठवडाभर आधीचा दिवस धरावा.

खरी परीक्षा होक्काइदोच्या उत्तर टोकाकडे जाणाऱ्या सोया मार्गावर. उत्तरेकडच्या टप्प्यात साध्या गाड्या दिवसाला जेमतेम तीन फेऱ्या. एक चुकली की एक्स्प्रेसचा मोह होतो, पण तिथे हे तिकीट चालत नाही: एक्स्प्रेसच्या जादा आकारासोबत मूळ भाडंही पुन्हा भरावं लागतं. अपवाद होक्काइदोतल्याच दुसऱ्या मार्गावरचा, शिन-युबारी ते शिन्तोकु, कारण त्या टप्प्यात साधी गाडीच नाही. सोया मार्गावरचं नुकानान स्थानक बघण्याजोगं आहे: लाकडी फळ्यांचा आखूड फलाट आणि प्रतीक्षागृह म्हणून अंगणात सामान ठेवायची असते तसली पत्र्याची खोली. दोन माणसं आत गेली की तिसऱ्याने बाहेर थांबायचं. २०२५मध्ये शेजारचं ओनोप्पुनाई गेलं तेव्हा हे वाचलं, कारण देखभालीचा खर्च होरोनोबे नगरपालिका देत होती.

होक्काइदोतल्याच मुरोरान मार्गावरच्या कोबोरोचंही तेच. जेआरने बंद करायचं ठरवलं होतं, २०१६पासून तोयोउरा नगरपालिकेने भार उचलला. दोन बोगद्यांच्या मधल्या शंभर मीटरही नसलेल्या फटीत हे स्थानक आहे, मोटारीचा रस्ता नाही. बहुतेक गाड्या न थांबता जातात, म्हणून वेळापत्रकात फक्त मार्ग बघून भागत नाही, कोबोरोच्या रकान्यात वेळ छापली आहे का तेही बघावं. परतीसाठी हव्या त्या दिशेची गाडी यायला फार वेळ असेल, तर उलट दिशेची आधी येणारी पकडून ओशामाम्बेपर्यंत जावं आणि तिथून मागे फिरावं. या तिकिटावर उलटा फेरा फुकट पडतो. साध्या तिकिटावर हे जमत नाही, आणि नव्या नियमांनंतरही हे तिकीट घ्यावंसं वाटतं ते याच सोयीमुळे.

एकमाणशी, म्हणजे फक्त चालक असलेल्या गाडीत मागच्या दाराने चढायचं आणि पुढच्या दाराने, चालकाला तिकीट दाखवून, उतरायचं. कर्मचारी नसलेल्या स्थानकावर मागच्या दाराने उतरता येत नाही. डब्यात गर्दी असेल तर आधीच्या स्थानकापासूनच पुढे सरकत राहावं.