१८,५०० रुपयांची फुस्स

आधी आकडे सांगतो, नंतर कोणी विचारायला नको. बंदूक आणि हवेची टाकी मिळून १८,५००, रोख. गोळ्यांचा बॉक्स ५,६००, यूपीआयने. टाकीची 'टेस्टिंग फी' ४,२००, तीही यूपीआयने. एकूण २८,३००. आणि वस्तू काय, तर पेंटबॉलची, म्हणजे हवेच्या दाबाने एकमेकांवर रंगाच्या गोळ्या मारायच्या खेळातली बंदूक. हसा. बायको हसून झाली आहे. तिचं म्हणणं, तुळशीबागेत पिचकारी दीडशेला मिळते.

ऑफिसच्या टीम आउटिंगला लोणावळ्याच्या बाजूला तीनदा खेळलो आणि डोक्यात किडा शिरला. भाड्याच्या बंदुकीत गोळी नळीतच फुटते, मास्कवर वाफ धरते, म्हटलं आपली स्वतःची घेऊ. मी काही अगदीच बावळट नाही, दोन आठवडे वाचन केलं होतं. नवशिक्याने बॅटरीवाल्या भानगडीत न पडता साधी मेकॅनिकल, ब्लोबॅकची (त्याच हवेच्या धक्क्याने पुढच्या गोळीला तयार होणारी) बंदूक घ्यावी, टिपमन ९८ सारखी, हे मला माहीत होतं. जुन्या वस्तूंच्या जाहिरातींत नेमकी तीच दिसली. 'वर्षभर वापरलेली, कंडिशन एकदम टकाटक.' पुढचं ओळखलं असेलच तुम्ही. फोनवर अदबीने बोलणारा माणूस, 'दादा, अजून दोन पार्ट्या मागे लागल्यात', वगैरे.

जूनमधला रविवार, सकाळी आठ. आंबेगावात हायवेच्या सर्व्हिस रोडला, अर्धवट बांधकामाच्या मागे. त्याने मास्क दिला नाही, स्वतःही घातला नाही. इथेच मी गाडी वळवायला हवी होती, पण ती चूक तरी माफ. माफ नाही ती पुढची. तो म्हणाला, "टाकी परवाच भरलीय, फुल आहे." भिंतीवर पाच गोळ्या मारल्या. चार ठाकठीक. पाचवी निघाली आणि आवाज आला फुस्स. रंगाचा ठिपका नेमाच्या कितीतरी खाली. तो लगेच म्हणाला, "गॅस संपत आलाय, दादा." आणि मी मान डोलावली!

४८ घनइंचाची, ३,००० पीएसआय दाबाची भरलेली टाकी चार-पाचशे गोळ्या मारते. हे मी आदल्याच रात्री वाचलं होतं. परवा भरलेली टाकी पाच गोळ्यांत संपते म्हणजे एक तर ती भरलेली नाही, नाही तर कुठून तरी गळतेय. तिसरी शक्यता नाही. आजही सिग्नलला उभा असलो की ती फुस्स ऐकू येते.

दुसरं म्हणजे टाकीवरचं स्टिकर. वाघाचं डोकं, चांगलं तळहाताएवढं. त्यावरून मी बोट फिरवलं तेव्हा खाली काहीतरी ठोकलेलं लागलं, खडबडीत. मला वाटलं कंपनीचं नाव असेल. शेवटची टेस्ट झाल्याची तारीख असते हो ती! दर पाच वर्षांनी पाण्याचा दाब देऊन टाकी तपासावी लागते. टाकीवर स्टिकर दिसलं की आधी ते सोलायला सांगा, नाही म्हणाला तर घरी या.

जुनी ॲक्टिव्हा घेताना मी मेकॅनिक बरोबर नेला होता. ती २२,०००ची होती. इथे मात्र कोणाला नेलं नाही, कारण कोणाला नेणार? आणि खरं सांगायचं तर या वयात हे घेतोय हे कोणाला सांगायचंही नव्हतं. असली माणसं या लाजेवरच जगतात.

रात्री टाकी लावून ठेवली, सकाळी काटा शून्यावर. फोन केला तर म्हणाला, "ओ-रिंग गेली असेल, दोन रुपयांची गोष्ट आहे." हे अर्धं खरं असतं, म्हणून पटतं. टाकीच्या तोंडाची रबरी रिंग खरोखर सारखी जाते. जास्तीच्या चार ठेवायच्या, हवा आत येते तिथे तेलाचे दोन-तीन थेंब सोडायचे, खेळ झाला की नळी नुसत्या पाण्याने धुवायची, तो रंग पाण्यात विरघळणाराच असतो. रिंग बदलली आणि भोसरीला गेलो, आगीच्या बंबवाल्यांचे श्वासाचे सिलिंडर भरून देणाऱ्या दुकानात. त्यांनी पहिलं काम केलं ते वाघ सोलण्याचं. खाली ०४-१२. एप्रिल २०१२. "यावर पेसोचा, म्हणजे सिलिंडरला मंजुरी देणाऱ्या सरकारी खात्याचा, नंबरही नाही साहेब. ही भरली तर माझं लायसन्स जाईल."

इथे तरी थांबावं ना? नाही. विकणारा म्हणाला, "आपला माणूस टेस्ट करून देतो, ४,२०० पाठवा, टाकी मी घरून नेतो." नेली. नेली ती नेलीच. त्याआधी २,००० गोळ्यांचा बॉक्स आला होता, उघडला तर निम्म्या एकमेकांना चिकटलेल्या, उरलेल्या फुगून चपट्या झालेल्या. कवच जिलेटिनचं असतं, पुण्याच्या जुलैत उघडी पडली की वाट लागते. गोळी घेताना एक नळीत टाकून फुंकून बघा, फुंकरीने निघाली पाहिजे. गळून पडली तरी नको, अडकली तरी नको.

बंदूक मग फील्डवरच्या पोराला दाखवली. त्याने ॲलन की लावून उघडली, टाकी जिथे फिरवून बसते तिथे नखाने खरवडलं. काळ्या स्प्रेखाली एम-सील. "काका, चीर पडलीय इथे. गॅस सोडल्यावर तोंड कुठे होतं तुमचं?" शिवाय वेगही कधी मोजलेला नव्हता. फील्डवर ३०० फूट प्रति सेकंदाच्या वर गोळी जाऊ देत नाहीत. विकणाऱ्याकडे मोजायचं यंत्र नसेल तर फील्डवर ये म्हणावं, आला तर खरा. आणि पहिले पैसे बंदुकीवर नाही, चांगल्या मास्कवर घाला.

आता पोलीस. चौकीत पहिला प्रश्न, "बंदूक? लायसन्स?" अर्धा तास मीच आरोपी. मग दोघा-तिघांनी हातात घेऊन नेम धरून पाहिला, एकाने भाच्यासाठी किंमत विचारली. मग कळलं की व्यवहार आंबेगावात झाला म्हणजे हद्द त्यांची नाही. तिथे गेलो तर पैसे घरून पाठवले म्हणजे सायबर. १९३० या सायबर हेल्पलाइनला फोन लावला, तक्रार नंबर मिळाला, पण फक्त ९,८०० चा, कारण रोख रकमेचा पुरावा कुठाय? ते ९,८०० सुद्धा दोन वेगळ्या नावांच्या खात्यांत गेलेले. बँकेत ती मुलगी म्हणाली, "सर, पिन तुम्हीच टाकलात ना?" टाकला बाई, मीच टाकला. मला फसवून टाकायला लावला, त्यालाच फसवणूक म्हणतात असं माझं मत होतं. चौथ्या चकरेला एक हवालदार आपुलकीने म्हणाले, "४२० आता राहिलं नाही, ३१८ झालंय." चार चकरांत मिळालेली ही एकमेव माहिती. अर्जावर आवकचा शिक्का आहे. दोन महिने झाले, पुढे काही नाही.

गेल्या आठवड्यात जाहिरात पुन्हा लागली. फोटोत टाकी, टाकीवर वाघ, नवीन स्टिकर. स्क्रीनशॉट घेऊन गेलो तर म्हणाले, "मग गिऱ्हाईक म्हणून बोलवा ना त्याला, आला की कळवा." बायकोच्या फोनवरून मेसेज केला. दोन मिनिटांत उत्तर : "ताई, १८,५०० फायनल. रविवारी आठला आंबेगावला या. टाकी परवाच भरलीय."