फायटर मासा आजारी असेल तर औषधाआधी हे घ्या: एपीआय फ्रेशवॉटर मास्टर टेस्ट किट

किंमत बघून बरेच जण मागे फिरतात, फायटर (बेटा) मासा स्वस्तात मिळतो आणि त्याच्यासाठी पाणी तपासायचं एवढं महाग किट कशाला म्हणून. मी तरी म्हणेन घ्याच, विशेषतः कोणाकडून वाईट हालतीतला मासा घरी आणला असेल तर.

आमच्या बिल्डिंगमधलं एक कुटुंब घर सोडून गेलं आणि त्यांचा फायटर काचेच्या गोल बाऊलसकट माझ्याकडे आला. फिल्टर नाही, तळाशी सडलेलं खाणं, पाण्याला वास, पर मिटलेले, कडा काळ्या पडलेल्या, कल्ले लालभडक. फायटर वरची हवा घेऊ शकतो ना, त्यामुळे अशा पाण्यातही तो तग धरतो आणि लोकांना वाटतं की याला बाऊल चालतो, पण अमोनियाने (माशाच्या घाणीतून आणि सडलेल्या खाण्यातून पाण्यात येणारं विषारी द्रव्य) कल्ले आणि पर जळतच असतात. दुकानदार लगेच निळं औषध हातात देतो. मी आधी पाणी तपासलं.

अमोनियाची टेस्ट सोपी आहे, ट्यूबमध्ये ५ मिली पाणी, दोन्ही बाटल्यांचे ८-८ थेंब, हलवा, ५ मिनिटं थांबा. पिवळं आलं तर शून्य. आमचं गडद हिरवं आलं, म्हणजे ४ पीपीएमच्या (दहा लाख भागांत ४ भाग) वरच. पण खरी कामाची ठरली ती पीएचची (पाणी किती आम्लधर्मी ते सांगणारी) टेस्ट, ६.४ च्या आसपास. जुन्या साचलेल्या पाण्याचा पीएच असा उतरतो आणि तेव्हा बराचसा अमोनिया कमी विषारी अमोनियमच्या रूपात असतो. त्याच बाऊलमध्ये जास्त पीएचचं नळाचं पाणी ओतलं की तोच अमोनिया पुन्हा विषारी होतो, "थोडं पाणी बदललं आणि मासा गेला" असं लोक म्हणतात त्यामागे कितीतरी वेळा हेच असतं!! म्हणून बाऊलमध्ये पाणी ओतत न बसता आधी त्यातच सीकेम प्राइम (पाण्यात टाकायचं कंडिशनर) टाकलं आणि मग माशाला वेगळ्या २० लिटरच्या टबमध्ये हलवलं, त्यातलं पाणीही प्राइम टाकलेलं, हीटर २६ डिग्रीला, आणि स्पंज फिल्टर मैत्रिणीच्या चालू टँकमधून आणलेला म्हणजे अमोनिया संपवणारे चांगले बॅक्टेरिया आयतेच आले.

एक गोष्ट लक्षात ठेवा, प्राइम अमोनिया काढून टाकत नाही, कंपनीच्या म्हणण्याप्रमाणे तो फक्त काही काळ बांधून कमी विषारी ठेवतं, आणि हे किट बांधलेला आणि मोकळा दोन्ही मिळून दाखवतं. त्यामुळे प्राइम टाकूनही रंग हिरवाच येतो, घाबरून आणखी ओतू नका. मी रोज अमोनिया आणि नायट्राइट (बॅक्टेरिया अमोनियापासून बनवतात ते, तेही विषारीच) बघायचे, ०.२५ च्या वर काही दिसलं की थोडं पाणी बदलायचे, तेवढंच. औषध लागलंच नाही. आधी तो खायला लागला, मग पर उघडले, आणि मग काळ्या कडांच्या पुढे पारदर्शक पातळ नवीन पर फुटायला लागले, ते बघून इतकं बरं वाटलं की काय सांगू!

आता किटबद्दल. आत ७ बाटल्या, ४ ट्यूब, रंगांचं कार्ड. पीएच, हाय पीएच, अमोनिया, नायट्राइट, नायट्रेट एवढं होतं, कंपनी ८०० च्या वर टेस्ट म्हणते म्हणजे एकट्या फायटरवाल्याला भरपूर पुरतं. पाण्याचा जडपणा यात मोजता येत नाही, त्याचं किट वेगळं घ्यावं लागतं. ० आणि ०.२५ चे रंग जवळजवळ आहेत, दिवसाउजेडी पांढऱ्या कागदावर धरून बघा. नायट्रेटची दुसरी बाटली ३० सेकंद जोरात हलवायची आणि नंतर ट्यूब पूर्ण १ मिनिट, इथे आळस केला तर आकडा खोटा कमी येतो. केमिकल त्वचेला वाईट, लहान मुलांपासून लांब ठेवा, तपासलेलं पाणी टँकमध्ये परत ओतू नका.

स्ट्रिप्स (पाण्यात बुडवून रंग बघायच्या पट्ट्या) स्वस्त पडतात खऱ्या, पण नेहमी मिळणाऱ्या ५ इन १ स्ट्रिप्समध्ये बहुतेक वेळा अमोनियाच नसतो, आणि फायटरच्या बाबतीत तोच तर बघायचा असतो.

ऑनलाइन मागवलं तर बाटल्यांवरचा लॉट नंबर बघा, शेवटचे ४ आकडे म्हणजे बनवल्याचा महिना आणि वर्ष, फार जुना माल निघाला तर लगेच परत करा.