‘ताबा मिळेपर्यंत हप्ता आमचा’

मी साताऱ्यात राहतो, शाळेत शिक्षक आहे. निवृत्तीनंतर महिन्याला काही भाडं येत राहावं म्हणून 2018 मध्ये हिंजवडीजवळ वन बीएचके बुक केला. आमच्याशी जे झालं ते कुणाच्याही वाट्याला येऊ नये, म्हणून हे लिहितोय.

किंमत 40 लाख. 8 लाख आम्ही भरले, त्यात पीएफची उचल होती आणि हिच्या पाटल्या मोडून आलेले पैसे होते. उरलेल्या 32 लाखांचं कर्ज बिल्डरच्याच ऑफिसात बसलेल्या गृहकर्ज कंपनीच्या माणसाने करून दिलं. बिल्डर म्हणाला, “सर, ताबा मिळेपर्यंत हप्ता आमचा. नंतर आयटीवाला भाडेकरू आहेच, तुमच्या खिशाला झळ नाही.” तसं पत्रही दिलं, लेटरहेडवर, सही-शिक्क्यासकट. ते पत्र मी देवघरात ठेवलं होतं.

चौदा महिने व्याज बिल्डरने भरलं. पंधराव्या महिन्यात सकाळी मोबाइलवर मेसेज आला: खात्यात पुरेशी रक्कम नसल्याने हप्ता परत. रक्कम 23 हजारांच्या वर. बिल्डरचा फोन लागेना. कर्ज कंपनीत गेलो तर तिथल्या मॅडमनी त्रिपक्षीय कराराचं (मी, बिल्डर आणि कर्ज कंपनी यांच्यातल्या) एक पान उलटून माझ्यासमोर धरलं. बारीक अक्षरात लिहिलं होतं की बिल्डरने भरलं नाही तरी परतफेडीची जबाबदारी कर्जदाराची. खाली माझी सही.

खरा धक्का पुढे होता. साइटवर काम जोत्याच्या वर गेलेलं नव्हतं आणि कर्जाची सगळी रक्कम पहिल्याच महिन्यात बिल्डरला पोचली होती. म्हणजे चौदा महिने तो माझ्याच नावावरच्या पैशातून माझं व्याज भरत होता. जुलै 2019 मध्ये नॅशनल हाउसिंग बँकेने, म्हणजे गृहकर्ज कंपन्यांच्या तेव्हाच्या नियामकाने, या कंपन्यांना अशा योजनांवर कर्ज देऊ नका, पैसे बांधकामाच्या टप्प्यांप्रमाणेच द्या असं बजावलं. आमची सही तोवर होऊन गेली होती.

एक हिशेब मी आधीच करायला हवा होता. तिथे भाडं 14 हजार, म्हणजे वर्षाला किमतीच्या चार टक्क्यांच्या आसपास. व्याज पावणेनऊ टक्के. वीस वर्षांचा हप्ता 28 हजारांवर जातो. ताबा वेळेत मिळाला असता तरी निम्मा हप्ता पगारातूनच गेला असता. भाड्यावर हप्ता फिटतो, असं कुणी सांगितलं तर त्याच्यासमोर बसून कागदावर आकडे मांडा.

महारेरात, म्हणजे राज्याच्या गृहप्रकल्प नियामकाकडे, तक्रार केली. रेरा कायद्याच्या कलम 18 खाली पैसे व्याजासह परत द्यायचा आदेश झाला. बिल्डरने पाळला नाही, म्हणून वसुली वॉरंट निघून जिल्हाधिकारी कार्यालयात गेलं. फाइल अजून तिथेच आहे. माझा हप्ता मात्र सुरू आहे, कारण चार महिने थकवले तेव्हा सिबिल, म्हणजे कर्जफेडीची पत दाखवणारा स्कोअर, घसरला आणि मुलीचं शैक्षणिक कर्ज अडलं.

कुणी असं घर घेत असेल तर कर्जाच्या कराराचा मसुदा सहीच्या आधी घरी आणा आणि आपल्या वकिलाला दाखवा, बिल्डरच्या नव्हे. महारेराच्या संकेतस्थळावर प्रकल्पावरचा बोजा आणि दावे बघा. पैसे स्लॅबप्रमाणेच सोडा, असं कर्ज कंपनीला लेखी द्या. गेल्या महिन्यात माझ्या मेव्हण्याला अशीच ऑफर आली. मसुदा मागितल्यावर त्या माणसाने पुन्हा फोन केला नाही.