न्यूयॉर्क की फिलाडेल्फिया? अमेरिकी शहरांतल्या भ्रष्टाचारावर प्रबंध लिहिणाऱ्यांसाठी

एकोणिसाव्या शतकाअखेरच्या अमेरिकी शहरांतली ‘पोलिटिकल मशीन’ (नोकऱ्या आणि कंत्राटं वाटून मतं व सत्ता मुठीत ठेवणारी पक्षाची यंत्रणा) हा विषय घेतला की बहुतेक जण विचार न करता न्यूयॉर्क उचलतात. विल्यम ‘बॉस’ ट्वीडसारखा खलनायक दुसरीकडे कुठे मिळणार? तरी एकच शहर घ्यायचं असेल तर फिलाडेल्फियाचा विचार जरूर करा, असं माझं मत आहे.

आधी न्यूयॉर्क. टॅमनी हॉल ही तिथल्या डेमोक्रॅटिक पक्षाची संघटना. १८७०च्या सुमारास तिचा म्होरक्या ट्वीड, महापौर ओकी हॉल, हिशेब तपासनीस कॉनली आणि स्वीनी या चौकडीच्या हाती तिजोरी होती. काउंटी कोर्टाच्या इमारतीला १८५८ साली अडीच लाख डॉलर मंजूर झाले होते. शेवटी खर्च एक कोटीच्याही वर गेला. पद्धत सरळ होती. कंत्राटदाराने फुगवून बिल द्यायचं, आपला वाटा ठेवायचा आणि उरलेलं वर पोचवायचं. संगमरवर आला तोही ट्वीडचा हितसंबंध असलेल्या खाणीतून! १८७१मध्ये ‘न्यूयॉर्क टाइम्स’ने हिशेबाचे आकडेच छापले, थॉमस नास्टच्या व्यंगचित्रांनी रान पेटवलं. ट्वीड कैदेतून निसटला, स्पेनमध्ये पकडला गेला आणि १८७८ साली तुरुंगात वारला.

बिलं, साक्षी, खटले असं सगळं हाताशी असल्यामुळे ‘पैसा खाल्ला कसा?’ हा तुमचा प्रश्न असेल तर न्यूयॉर्कला तोड नाही. पोलिसांवर लिहायचं असेल तर पोलिसांच्या भ्रष्टाचाराची चौकशी करणाऱ्या १८९४च्या लेक्सो समितीपुढच्या साक्षी वाचाच. एका अधिकाऱ्याने कॅप्टनच्या पदासाठी १५,००० डॉलर मोजल्याचं तिथे कबूल केलं. आयरिश स्थलांतरितांना नागरिकत्वाचे कागद, नोकरी, अडीनडीला कोळसा देऊन मतं कशी बांधली जात, हेही इथे स्पष्ट दिसतं.

अडचण एवढीच की ही गोष्ट फार गोळीबंद आहे. चोर सापडला, शिक्षा झाली. मशीन मात्र जॉन केली आणि पुढे रिचर्ड क्रोकर यांच्या हाताखाली चालूच राहिली, आणि प्रबंधात नेमका तोच भाग उरकून टाकला जातो.

फिलाडेल्फियात ट्वीडसारखा नायक शोधू नका. जेम्स मॅकमेन्स १८६५ साली शहराच्या गॅस कारखान्याच्या विश्वस्त मंडळावर आला आणि तिथूनच त्याने सत्ता जमवली. कारखान्यातल्या नोकऱ्या आणि कंत्राटं मंडळाच्या हाती, म्हणून वॉर्डातले कार्यकर्तेही त्याच्या मुठीत. नगरपालिकेने मंडळ बरखास्त करायचं ठरवलं, तर न्यायालय म्हणालं, कर्जरोखे फिटेपर्यंत हात लावता येणार नाही! १८६० साली दोन कोटींच्या आसपास असलेलं शहराचं कर्ज १८८१पर्यंत सात कोटींवर गेलं.

शिवाय हे मशीन रिपब्लिकन होतं. आयात मालावर जकात हवी असलेले प्रतिष्ठित कारखानदार देशाच्या राजकारणासाठी त्या पक्षाला चिकटून राहिले आणि गावातल्या लुटीकडे त्यांनी काणाडोळा केला. भ्रष्टाचाराचं खापर गरीब स्थलांतरितांवर फोडणाऱ्यांना हे शहर गप्प करतं. १८८०मध्ये सुधारणेसाठी शंभर नागरिकांची समिती उभी राहिली, १८८१मध्ये तिने आपल्या उमेदवाराला महापौरपद जिंकून दिलं, १८८७पासून गॅसचा कारभार महापौरांच्या अखत्यारीत आला. तरी रिपब्लिकनांची पकड सुटायला १९५१ची निवडणूक उजाडावी लागली. ‘सुधारक जिंकूनही हरतात का?’ या प्रश्नाला याहून चांगलं उदाहरण मला माहीत नाही.

वेळ कमी असेल, मूळ कागद चाळायची हौस नसेल, तर न्यूयॉर्क घ्या. साहित्य भरपूर आहे. सवड असेल तर फिलाडेल्फिया.

सुरुवात ब्रिटिश अभ्यासक जेम्स ब्राइस यांच्या १८८८च्या ‘द अमेरिकन कॉमनवेल्थ’पासून करा, पण आवृत्ती बघून घ्या. पहिल्या आवृत्तीत ट्वीडच्या टोळीवरचं प्रकरण फ्रँक गुडनाऊ यांनी लिहिलं होतं. ओकी हॉल यांनी अब्रुनुकसानीचा दावा ठोकला आणि ते पुढे वगळलं गेलं. फिलाडेल्फियाच्या गॅस रिंगवरचं, म्हणजे मॅकमेन्सच्या टोळीवरचं प्रकरण मात्र राहिलं.