बोल्टचं डोकं हातात आलं

पहिली चूक माझीच, ती आधी कबूल करतो. गाडी बारा वर्षांची. थर्मोस्टॅट (इंजिनचं तापमान सांभाळणारा झडपेसारखा भाग) बदलायचा म्हणून रविवारी सकाळी नाशिकच्या सिडकोतल्या आमच्या इमारतीच्या पार्किंगमध्ये बॉनेट उघडून बसलो. त्याच्या हाउसिंगला, म्हणजे वरच्या कव्हरला, दोन बोल्ट. एक मुकाट्याने निघाला. दुसरा हलेना, म्हणून पान्याला हातभर पाइप लावला. जोर दिला आणि बोल्ट लोण्यासारखा फिरायला लागला. वाटलं, सुटला! अडकलेला बोल्ट असा अचानक मऊ पडला की तो सुटत नसतो, तुटत असतो. डोकं पान्यात आलं, बाकीचा बोल्ट इंजिनच्या हेडमध्ये (वरच्या भागात).

हेड ॲल्युमिनियमचं, बोल्ट पोलादी. वर्षानुवर्षं कूलंट (इंजिन थंड ठेवणारा द्रव) झिरपून दोन्हींच्या मध्ये पांढरी भुकटी धरते आणि बोल्ट जाम होतो. आदल्या रात्री गंज सोडवणारा स्प्रे मारून ठेवायला हवा होता. पाव फेरा सैल, पुन्हा थोडा घट्ट, असं खेळवत काढायला हवा होता. असो.

सोमवारी ओळखीच्या ओळखीतून घरी येऊन काम करणारा एक मेकॅनिक आला. टॉर्च मारून बघितलं, लांब श्वास सोडला. "दादा, हेडची वाट लागली. नवं हेड म्हणजे ३५,००० कुठं गेले नाहीत. पण तुमच्यासाठी जुना बोल्ट ड्रिल करून काढतो, हेलिकॉइल, म्हणजे नव्या आट्यांची स्प्रिंग, टाकून देतो. ६,८०० द्या." पस्तीस हजार ऐकून पोटात गोळा आलेल्या माणसाला सहा हजार आठशे म्हणजे उपकारच वाटतात. सगळी कला त्या पहिल्या आकड्यात होती.

मग म्हणाला, "तुम्ही तोवर द्वारकेवरून कूलंट आणा, माझ्याकडचं संपलंय." द्वारका सर्कलची गर्दी नाशिककरांना सांगायला नको. परत यायला सव्वा तास लागला. तोपर्यंत काम झालं होतं, नवाकोरा बोल्ट चमकत होता. कूलंट भरलं, गाडी चालू केली, गळती नाही. २,००० यूपीआयने दिले (समोर नाव भलतंच दिसलं, तरी मी विचारलं नाही), बाकी रोख. बिल मागितलं तर हसला. "घरचं काम आहे दादा, बिल कसलं?"

एक गोष्ट तेव्हाच खटकायला हवी होती. आठ मिलिमीटरचा बोल्ट ड्रिल करायचा, मग हेलिकॉइलसाठी भोक आणखी मोठं करून आटे पाडायचे, म्हणजे लोखंडाचा आणि ॲल्युमिनियमचा कीस पडणारच. खाली फरशी स्वच्छ होती. मी मनात म्हटलं, काय नीटनेटका माणूस आहे.

नवव्या दिवशी आईला घेऊन इगतपुरीला मावशीकडे निघालो. वाडीवऱ्हे ओलांडलं आणि तापमानाचा काटा लाल रेषेकडे सरकू लागला. गाडी कडेला घेतली, तासभर थंड होऊ दिली. रेडिएटरचं झाकण तापलेल्या गाडीत उघडायचं नाही, एवढं तरी कळत होतं. मग हाउसिंगला हात लावला, तर तो चमकता बोल्ट दोन बोटांत उचलून आला. बोल्ट कसला, नुसतं कापलेलं डोकं! खाली एमसीलचा थर. त्याखाली माझाच तुटलेला बोल्ट, होता तसा.

आई म्हणाली, "अरे, हे तर दातात सिमेंट भरल्यासारखं केलंय."

टोइंगने गाडी अंबडला एका वेल्डिंगवाल्या काकांकडे नेली. त्यांनी बॅटरीची वायर काढली, हाउसिंग उतरवलं. बोल्टचं टोक चार मिलिमीटर वर होतं. त्यावर नट ठेवून आतून वेल्डिंग भरलं. वेल्डिंग ॲल्युमिनियमला धरत नाही, फक्त बोल्टला धरतं. शिवाय तापून आणि गार होऊन गंजाची पकडही सुटते. थंड झाल्यावर जरा तेल सोडलं, पाना पुढे-मागे हलवला, आणि तुकडा नटासकट बाहेर. हेडचे आटे शाबूत. हेलिकॉइलची गरजच नव्हती. ४०० रुपये घेतले आणि तो तुकडा माझ्या हातावर ठेवला. "काढला म्हणणाऱ्यानं हा दाखवायचा असतो," एवढंच बोलले.

त्या मेकॅनिकला फोन केला. "लोखंडाची गॅरंटी नसते साहेब." आठवड्यापूर्वी मी दादा होतो. दुसऱ्या दिवसापासून फोन उचलणं बंद.

१९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली आहे. जिल्हा ग्राहक आयोगात पाच लाखांपर्यंतच्या प्रकरणाला फी नाही, तीही तयारी चालू आहे. बिल नाही, म्हणून यूपीआयची नोंद, मेसेज आणि फोटो जोडतोय. ते कापलेलं डोकं आणि खरा तुकडा, दोन्ही एका प्लॅस्टिकच्या पिशवीत गाठ मारून ठेवलेत.